उसाशाचं भोक

पाव्हणं, समोर तो दगडी मनोरा दिसतो ना, त्याला आम्ही उसासा म्हणतो. डोंगरातल्या झऱ्यापासून जहागीरदाराच्या हौदापर्यंत जमिनीखालून खापरी नळ गेला आहे. त्यात कोंडलेली हवा निघून जावी म्हणून मधे हा मनोरा बांधला. वरच्या अंगाला मुठीएवढं भोक आहे. ते कुणी बुजवत नाही.

हा नळ सटवा कुंभार आणि त्याची बायको जनाई यांनी घातला, असं सांगतात. सांधा पक्का झाला का, हे दोघं फुंकून बघत. ती एका टोकाला फुंकायची, तो दुसऱ्या टोकाला कान लावायचा. दोन आखूड फुंकरी म्हणजे चालू दे. एक लांब म्हणजे थांब.

पाणी आलं. पण गावची माणसं उसाशाच्या उघड्या तोंडातून पोहरा सोडून पाणी काढू लागली. जहागीरदाराला ते खपलं नाही. त्याने उगमाला बोळा घालून पाणी तोडलं आणि उसाशाच्या तोंडावर ठेवायला शिळा आणवली.

जनाई म्हणाली, "धनी, तोंड बुजवू नका. पाण्याला श्वास लागतो."

"पाणी आहे का दमेकरी म्हातारा?" तो म्हणाला, तशी माणसं हसली. "लागतो ना श्वास? मग तूच आत बसून दे."

तिला आतल्या कोनाड्यात उतरवलं. फुंकायला म्हणून हातात तिचाच एक नळ दिला. वर शिळा ठेवून शिशाने सांधली आणि उगमाचा बोळा काढला.

कोंडलेल्या हवेने पाणी खालीच अडलं. हौद कोरडा राहिला.

उन्हं कलली तेव्हा सटवा छिन्नी घेऊन मनोऱ्यावर चढला. पहारेकऱ्यांनी पाठ फिरवली म्हणे. पहिल्याच घावाला आतून फुंकर आली. एक, लांब.

त्याला ती कळली होती. हवा सुटली की कोनाड्यात पाणी चढणार; आधी उगमाला बोळा घाल, असं ती सांगत होती. पण उगम दोन कोस लांब. आत बायको गुदमरते आहे हे ऐकून कुणाचा हात थांबतो?

भोक पडलं. हवा शीळ घालत बाहेर आली, आणि तिच्यामागून पाणी.

संध्याकाळी हौद भरला. जहागीरदाराने सटव्याला पागोटं पाठवलं. काम चोख झालं, असा निरोप होता.

आजही आमच्याकडे नव्या माठात पाणी भरण्याआधी घरचा माणूस त्यात एक लांब फुंकर घालतो. मग सगळे हात आवरून उभे राहतात. सटव्याला थांबता आलं नाही, तेवढं आम्ही थांबतो.