वाऱ्याची वाट

"आता बदलायचं राहिलंय तरी काय, चाचा?"

मुल्लाणी चाचा बाजेवर बसले होते. ते बंडलातली विडी चाचपत राहिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे सगळा कारभार बोटांवर.

विचारणारा रोहिदास, त्यांचा शागीर्द. नऊ वर्षं चाचांच्या हाताखाली राबलेला. त्याच्या हाताला गुण होता, यात वाद नाही. फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

घाटाखालच्या या मिस्त्रींची एक रीत. वस्तादानं आपल्या हातचा पाना दिल्याशिवाय शागिर्दानं वेगळं दुकान मांडायचं नाही. चाचांनी सांगून ठेवलं होतं, नथूची जीप सारखी तापते, ती न थांबता घाट चढली की पाना तुझा. आणि येत्या परवा तर चाचा गॅरेजला कुलूप लावून कायमचे लेकीकडे जाणार होते.

रोहिदासनं पहिल्याच दिवशी दुखणं हेरलं. रेडिएटर गाळानं चोंदला होता. तो त्यानं धुऊन काढला आणि त्याच संध्याकाळी हौसेनं दुकानाची पाटीही रंगवून आणली. दुसऱ्या दिवशी जीप घाटात गेली... आणि तिसऱ्या वळणावर वाफा सोडत उभी राहिली.

मग त्यानं पाण्याचा पंप बदलला. थर्मोस्टॅट बदलला. गॅस्केट बदललं, फॅनचा पट्टा बदलला. गॅरेजच्या दारात तापमानाचा काटा शहाण्यासारखा मध्यावर राही आणि घाट लागला की लाल रेघेवर जाई. बिचाऱ्यानं अक्षरशः हात टेकले.

"गाडी चालू कर," चाचा म्हणाले.

जीप घरघरू लागली. चाचा तिच्या आवाजाच्या रोखानं चालत गेले. बॉनेट उघडायला रोहिदास धावला, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

त्यांनी विडी पेटवली. एक झुरका घेतला आणि पेटती विडी जीपच्या तोंडापुढे धरली.

"मला दिसत नाही. तू सांग, धूर कुठं जातोय?"

रोहिदास वाकला. धूर आत ओढला जायला हवा होता. तो पुढे सरकला, अडला आणि वर चाचांच्या दाढीत शिरला.

"आत जात नाही, चाचा."

"का?"

रोहिदासनं जीपच्या तोंडावरच्या जाळीकडे पाहिलं.

जाळीवर पत्र्याची पाटी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाटभर लोकांनी वाचावी म्हणून त्यानंच चार स्क्रूंनी आवळलेली. रेडिएटर धुतला, त्याच संध्याकाळी.

चाचांची बोटं रंगाच्या उंचवट्यावरून सावकाश फिरली.

"काय लिहिलंय?"

रोहिदासनं पाटीवरची धूळ बाहीनं पुसली.

"वाच की."

"रोहिदास मोटर गॅरेज," तो कसाबसा म्हणाला.

चाचा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला आणि परत बाजेवर जाऊन बसले.

चार स्क्रू निघाले. रोहिदासनं स्वतःच उदबत्ती लावून जाळीपुढे धरली. धूर सुर्रकन आत गेला. लाजेनं त्याचे कान तापले होते, पण त्याहून जास्त त्याचं मन भरून आलं. सगळं इंजिन आपण खोललं आणि या आंधळ्या माणसानं एका विडीत दुखणं धरलं!

दुपारी जीप घाट चढून गेली. एकदाही थांबली नाही. माथ्यावर काटा मध्यावरच होता.

रोहिदास परतला तेव्हा चाचा दारात होते. त्या दारावर चाळीस वर्षांत कधी पाटी लागली नव्हती. तरी घाटाच्या दोन्ही अंगांचे ड्रायव्हर तापलेली गाडी ढकलत इथंच आणत. हे आजवर त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानं पाटी त्यांच्या पायाशी ठेवली.

"चाचा, ही मोडीत घालतो."

चाचांनी कनवटीचा पाना काढला. मुठीत धरून झिजलेला, गुळगुळीत. चाचपडत त्याचा हात शोधला आणि पाना त्यात ठेवला.

"मोडीत कशाला? दुकानावर लाव... वाऱ्याची वाट सोडून."