डुरक्याला जाग आली

फार जुनी गोष्ट आहे, विहिरी माणसांपेक्षा बेडकांच्याच जास्त होत्या तेव्हाची. उन्हाळ्यात विहीर आटली की बेडूक काठाजवळच्या कपारींत झोपी जायचे. झोपण्याआधी प्रत्येकजण टिटवीला सांगून ठेवायचा, "मावशी, मी पाण्याची वाट बघत झोपतोय. पाणी आलं, नाहीतर मध्येच काही झालं, तर हाक मार."

त्या वर्षी म्हातारी भागाबाई आणि तरणाताठा डुरक्या शेजारी शेजारी झोपले होते. एका दुपारी काठावरून धामण सरपटत आली. टिटवी जीव तोडून ओरडली, "उठा रे, उठा."

भागाबाईने एक डोळा उघडला. "पाणी आलं का गं?"

"नाही. धामण आलीय."

भागाबाई मुकाट्याने आतल्या कपारीत सरकली आणि पुन्हा पाण्याची वाट बघत झोपली.

डुरक्याने मात्र काहीच विचारलं नाही. जाग आली म्हणजे पाणी आलंच, असं धरून त्याने मिटल्या डोळ्यांनी विहिरीत सूर मारला.

खालून आवाज आला तो पाण्याचा नव्हता, दगडाचा होता. धामणसुद्धा जागच्या जागी थबकली.

बऱ्याच वेळाने तळातून क्षीण आवाज आला, "मावशी, तू तर हाक मारलीस. मग पाणी कुठाय?"

टिटवी म्हणाली, "लेकरा, मी तुला फक्त उठवलं होतं."