टक्कलवाल्यांना चहा नाही

“पण बाबा, एवढा दंड? हा काय न्याय झाला?”

टेकडी चढून आलेल्या रत्नाकरशेठ देवस्थळींनी धाप ओसरायचीही वाट पाहिली नाही.

शेठचा पंपांचा कारखाना होता. तिथल्या मालन कोष्टीनं ज्यांना लेथ शिकवली, ते एकेक करून फोरमन झाले. ती मात्र बाई म्हणून मशिनीवरच राहिली. शेवटी ती कोर्टात गेली. कोर्टानं पगारातला फरक तर द्यायला लावलाच, वर कंपनीला दोन कोटींचा दंड ठोकला.

फरक आनंदानं देतो, शेठ म्हणाले. पण नुकसान चिमूटभर आणि दंड पोतंभर, हे कुठलं गणित?

करीमशहा फकीर ऐकत होते. चुलीवर चहा उकळत होता.

त्यांनी कप भरले. पायरीवरच्या म्हातारीला दिला. भांडण मिटवून घ्यायला आलेल्या नवराबायकोला दिला. शेठच्या ड्रायव्हरला दिला.

शेठनी हात पुढे केला. बाबांनी किटली खाली ठेवली.

“तुम्हाला नाही.”

“का?”

“टक्कल आहे. इथं टक्कलवाल्यांना चहा देत नाहीत.”

शेठ हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी म्हातारीला आणखी अर्धा कप दिला.

...

ड्रायव्हर आपल्या कपात खोल बघत राहिला. भांडण घेऊन आलेली बायको पदराआड नवऱ्याकडे बघून हसली. शेठचे आधी कान लाल झाले, मग गाल, मग ते टक्कलही.

बाबांनी झोळीतून दहाचं नाणं काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

“हे काय?”

“चहाची किंमत. तुमचं नुकसान भरून दिलं.”

शेठनी नाणं असं भिरकावलं की ते टेकडीवरून घरंगळत गेलं. प्रश्न दहा रुपयांचा नाही, ते म्हणाले. चारचौघांत, स्वतःच्या ड्रायव्हरसमोर हे असं... आणि उद्या दुसरा कुणी टकला आला, तर त्यालाही हेच करणार?

“करू की. दहा रुपयांत परवडतं.”

शेठ ताडकन उठले. “माझ्या हातात असतं ना, तर तुमची ही चूलच कायमची विझवली असती.”

...

बाबांनी एक कप काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

“शेठ, कारखाना चालू आहे ना तुमचा?”

“आहे.”

“मग जज्ज फारच दयाळू निघाला.”