चीफसाहेबांचं राहिलेलं पान

"...पण समजा, मियाँजी, नुसतं समजा हं, ते सगळं कुराण पैगंबरसाहेबांनी स्वतःच रचलं असेल तर?"

लतीफमियाँ खतिबांनी तोंडातली जांभळाची बी हातावर घेतली आणि पडवीच्या कडेला ठेवली. तिथे आधीच्या दहा-बारा बिया वाळत पडल्या होत्या.

"पुढे?" ते म्हणाले. जीभ जांभळी झाली होती.

जैनुद्दीन होडेकर गडबडला. इतका मोठा प्रश्न आपण टाकला, आता निदान मियाँजी दचकतील असं त्याला वाटलं होतं.

वेळसई हे खाडीकाठचं गाव. घराघरातला एक तरी माणूस बोटीवर. जैनुद्दीन त्या सगळ्यांत वर चढलेला. साध्या खलाशाचा मुलगा, पण एकतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढून चीफ इंजिनियर होऊन निवृत्त झाला. गाव त्याला चीफसाहेब म्हणायचं. जैनू म्हणणारा एकच माणूस उरला होता, तो हा समोर बसलेला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याने त्याला लहानपणी चिंचेच्या शिमटीने कुराण शिकवलं होतं.

"हे सहा मुद्दे आहेत," जैनुद्दीनने खिशातून कागद काढला. छान टाईप करून आणला होता. "पहिला, माणूस हुशार असला तर सुंदर भाषा बोलू शकतो. दुसरा, जुन्या गोष्टी कानावर आलेल्या असतात. तिसरा..."

"जांभूळ घे."

"नको. तिसरा, लोकांनी मागे लागावं म्हणून पुढारी काहीही करतो. देवाचं नाव घेतलं की लोक ऐकतात. चौथा..."

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली.

कासम भाटकर आला होता. वयाच्या विशीत तापात त्याचे डोळे गेले. तेव्हापासून तो बोटांच्या अंदाजाने जाळी विणायचा आणि रोज दुपारच्या, असरच्या नमाजानंतर मियाँजींकडून कुराणातली एक आयत, म्हणजे एखादी ओळ, ऐकून पाठ करायचा. तीही कधीकधी दोन दिवस पुरायची.

"मियाँजी, कालचा तिसरा शब्द निसटला बघा," तो दारातूनच म्हणाला. "सकाळपासून शोधतोय, सापडत नाही."

चौथा मुद्दा जैनुद्दीनच्या तोंडातच राहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "कासम, जरा महत्त्वाचं चाललंय. नंतर ये."

मियाँजी मात्र उठले. गुडघ्यावर हात टेकत पायरीपर्यंत गेले, कासमजवळ बसले. शब्द सांगितला. कासमने चुकीचा म्हटला. पुन्हा सांगितला. सात वेळा. आठव्यांदा बरोबर आला तेव्हा दोघेही लॉटरी लागल्यासारखे हसले.

कासम काठी वाजवत गेला.

मियाँजी परत येऊन बसले. "तर? चौथा?"

"राहू द्या," जैनुद्दीन फुरंगटून म्हणाला.

"बरं, राहिलं. ती पिशवीत काय आहेत बाडं?"

चीफसाहेबांचा चेहरा उजळला. ते त्याचं आत्मचरित्र होतं. 'इंजिनरूममधली एकतीस वर्षं.' दोनशे चाळीस पानं, स्वतःच्या हाताने लिहिलेली. श्रावणात प्रकाशन करायचं ठरलं होतं, तालुक्याच्या ग्रंथालयाचा हॉलसुद्धा मिळाला होता.

"प्रस्तावनेला तुमच्या दोन ओळी मिळाल्या तर..."

"ठेवून जा. वाचतो," मियाँजी म्हणाले आणि पहिल्याच पानावर त्यांचा जांभळा अंगठा उमटला.

पुढच्या गुरुवारी जैनुद्दीन असरच्या आधीच हजर झाला. नमाज झाला. जांभळांची टोपली पुन्हा मध्ये आली.

"वाचलंत?"

"दोनदा वाचलं. मजा आली. ते वादळ फार बेस्ट लिहिलंस. मी तर पडवीचा खांब धरून बसलो."

जैनुद्दीन खूश झाला.

"एक विचारू? तुझ्या पुस्तकात कॅप्टन चुकतो. सेकंड इंजिनियर तीनदा चुकतो. तो मालक तर उठल्यापासून झोपेपर्यंत चुकतो. तू कुठे चुकतोस, ते पान कितवं?"

जैनुद्दीन हसला. मग आठवू लागला. मग हसायचा थांबला.

"तसं... लिहिण्यासारखं काही..."

"हरकत नाही. एकच पान कमी आहे, ते लिही म्हणजे झालं. गेल्या गुरुवारी इथे काय घडलं, तेवढं. जसंच्या तसं."

"त्यात काय लिहायचं?"

"तुला लिहिता येतं ना? लिही."

चीफसाहेबांनी खिशाचं पेन काढलं. इंजिनाचा अहवाल लिहावा तसं दहा मिनिटांत पान लिहून झालं. मग त्याने ते वाचून दाखवलं. जांभळाचा हंगाम. खाडीवरचा वारा. वृद्ध गुरू आणि शिष्य यांच्यातली कुराणावरची गहन चर्चा. शिष्याचे सहा मुद्दे, क्रमाने.

"सुंदर," मियाँजी म्हणाले. "कासम कुठे गेला?"

"कासम?"

"आला होता ना?"

"तो... मध्ये एकदा आला होता. त्याचं काय?"

"तुझ्या कपाळाला आठी पडली."

जैनुद्दीनचे कान तापले. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला शिमटीची आठवण झाली.

"मियाँजी, त्याला दिसत नाही. त्याला काय कळलं असणार?"

"तेच म्हणतो मी. त्याला दिसलं नाही. मी कोणाला सांगणार नाही. म्हणजे तू लिहिलंस तरच राहील, नाही तर गेलं."

जैनुद्दीनने पेन उचललं. एक ओळ घातली. 'मध्येच कासम आल्याने बोलण्यात किंचित खंड पडला.'

मियाँजींनी नुसतं पाहिलं.

त्याने 'किंचित' खोडलं.

मियाँजी जांभूळ चोखत राहिले.

"अहो, पण हे लिहून काय होणार?" जैनुद्दीन वैतागला. "श्रावणात प्रकाशन आहे. लोक वाचतील. नातवंडं वाचतील."

"वाचतील कशाला? पाठ करतील. समज, रोज पाठ म्हणतील. तू मेल्यावरही. तुझी नातवंडं, त्यांची नातवंडं. उभं राहून, हात बांधून, मोठ्याने... 'आमच्या आजोबांनी आंधळ्याला बघून आठी घातली आणि तोंड फिरवलं.'"

"काहीतरीच काय!" जैनुद्दीनला हसू फुटलं. "स्वतःच्या पुस्तकात स्वतःचीच अशी... लोकांनी मागे यावं म्हणून लिहिणारा माणूस हे कशाला घालेल? कोण वेडा..."

आणि तो थांबला.



नऊ वर्षांचा असताना याच पडवीत ती सूरा त्याने पाठ केली होती. कुराणाचा ऐंशीवा अध्याय. नंतर हजारदा म्हटली असेल. अर्थही ठाऊक होता. पैगंबरसाहेब मक्केच्या बड्या लोकांशी बोलत होते. एक आंधळा मध्येच आला, मला काही शिकवा म्हणाला. त्यांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवलं. आंधळ्याला ते दिसलं नाही. आणि मग जे शब्द उतरले त्यांची सुरुवातच त्या आठीपासून झाली. चौदाशे वर्षं ती आठी जगभरच्या मशिदींत मोठ्याने वाचली जाते.

सगळं माहीत होतं. पण त्यात आपणही कधी उभे असू, असं त्याला वाटलं नव्हतं.

खाडीवरून कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं.

जैनुद्दीन इंजिनियर होता. तो सहजासहजी शरण जाणारा नव्हता.

"मियाँजी," तो शेवटी म्हणाला, "यावरून एवढंच दिसतं, की माणूस खरा होता. स्वतःविरुद्धसुद्धा खरं सांगणारा. पण शब्द वरूनच आले, हे यातून सिद्ध होत नाही."

मियाँजींनी मांडीवर थाप मारली.

"वा रे पठ्ठ्या! हा तुझा सातवा मुद्दा. आधीच्या सहांपेक्षा लाख पटीने चांगला. ते सहा तू कुठून तरी आणले होतेस. हा तुझा आहे."

"मग याचं उत्तर?"

"आधी पान पुरं कर."

पान पुरं करायला चार दिवस लागले.

पहिल्या दिवशी आठी लिहून झाली. एकदा लिहिल्यावर वाटलं, दुखरी दाढ पडली. दुसऱ्या दिवशी तो सहा मुद्द्यांचा कागद फाडायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की, मुळात हे मुद्दे आपण टाईप का केले, ते पानावर आलंच नाही. तेही त्या पहिल्या गुरुवारचंच होतं. मियाँजी जसंच्या तसं म्हणाले होते.

मग पेन आपोआप चालू लागलं. जिथे त्याला जायचं नव्हतं तिथेच गेलं.

सोमवारी तो पडवीत आला तेव्हा कासम पायरीवर बसलेला होता. नवी आयत मिळायची होती.

जैनुद्दीन घुटमळला. मियाँजींनी डोळ्यांनीच 'वाच' म्हटलं.

त्याने खाकरून सुरुवात केली. जांभळं आली, वारा आला. मग कासम आला, आणि आठी आली. तोंड फिरवणं आलं. वाक्य संपलं तेव्हा चीफसाहेबांच्या शर्टाची पाठ भिजली होती.

कासम खो खो हसत सुटला.

"चीफसाहेब, एवढं लिहिलंत होय! मला त्या दिवशीच कळलं होतं."

"कसं? कोणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगेल? तुमचा आवाज भिंतीवरून आला ना. तोंड वळलं की आवाज पाठमोरा होतो. आम्हाला तेच दिसतं."

मियाँजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. जैनुद्दीनही हसला. असं मोकळं किती दिवसांनी हसला ते त्यालाच आठवेना.

"माफ कर रे कासम."

"त्यात काय! पुस्तकात नाव आलं माझं. वाचा पुढे."

पुढचं वाचताना मात्र आवाज खाली गेला.

मागच्या माघात हलीमा गेली. त्याची बायको. एकतीस वर्षं ती घरी आणि तो पाण्यावर. निवृत्त झाल्यावर दोघांनी दोनच पावसाळे एकत्र पाहिले. शेवटच्या दिवशी तो तिच्या उशाशी बसून यासीन, मरणाऱ्याजवळ म्हणतात ती सूरा, म्हणत होता. तिचा हात त्याच्या हातात होता. आणि निम्म्यात, अगदी निम्म्यात, मनात आलं... हे खरंच देवाचे शब्द आहेत का? की आपण हिच्या कानात कुणा माणसाचीच भाषा ओततोय?

तेवढ्यात तिचा हात सैल पडला.

तेव्हापासून तो ते विसरू शकला नव्हता. ती जाताना आपण तिच्याजवळ शंका घेऊन बसलो होतो. सहा मुद्दे त्याने नंतर जमवले. शंका बरोबर निघाली तर निदान आपण चुकलो नाही, असं होईल म्हणून.

पान संपलं. जैनुद्दीनने ते मांडीवर ठेवलं. चष्मा काढला.



बोलला तो कासम.

"त्या दिवशी मी तुमच्या ओट्यावर होतो, चीफसाहेब. सगळा मोहल्लाच होता. तुमची यासीन बाहेर ऐकू येत होती." तो थांबला. काठीवरून बोटं फिरवली. "निम्म्यात काय झालं ते मला माहीत नाही. पण आवाज कुठे वळला नव्हता. शेवटच्या शब्दापर्यंत हलीमाभाभीकडेच तोंड होतं तुमचं."

जैनुद्दीन रडला. चीफसाहेबासारखा अजिबात नाही, जैनूसारखा, नाक ओढत. कासमने अंदाजाने हात पुढे केला तो त्याच्या खांद्याऐवजी कानावर पडला, आणि रडता रडता त्याला पुन्हा हसू आलं.

मियाँजींनी त्याला जांभूळ दिलं. या वेळी त्याने घेतलं.

मग म्हातारा गुडघ्यावर हात टेकत उठला आणि पायांत चपला सरकवू लागला.

"कुठे निघालात?"

"चहा प्यायला. कासमला आजची आयत तू दे."

"मी?" जैनुद्दीनच्या हातातलं जांभूळ तसंच राहिलं. "मियाँजी, माझी शंका गेलेली नाही. सातवा मुद्दा आहे तिथेच आहे. कमी झाला असेल, पण आहे. शंका मनात ठेवून मी याला कसं शिकवू?"

मियाँजी पायरी उतरता उतरता वळले.

"शंकेलाही बसव की शेजारी. ऐकून ऐकून तिचीही आयत पाठ होईल."