धुक्यात वाजलेली काठी

धारमाथा हे गाव सह्याद्रीच्या अगदी काठावर वसलेले. गावाच्या पश्चिमेला एक अरुंद खिंड आहे, खिंडीपलीकडे थोडे गवताळ पठार, आणि पठार संपते तिथे थेट कडा. या खिंडीत महाराजांचा मुक्काम असे, म्हणून लोक त्यांना खिंडीकर महाराज म्हणत. ते मूळचे कुठले, आईबापांनी त्यांचे नाव काय ठेवले होते, हे कुणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. ते आले, कपारीशी बसले, डोक्यावर गवताचे चार हात छप्पर घातले आणि धुनी पेटवली. "धुक्यात डोळे फसतात. वाट चुकलेल्याला धुराचा वास तरी यावा," एवढेच महाराज म्हणाले.

तेव्हापासून रिवाज पडला. खिंड ओलांडणाऱ्याने धुनीला एक काटकी वाहायची आणि मगच पुढे पाऊल टाकायचे. महाराजांना नारळ नको, फूल नको. काटकी मात्र वाळलेली हवी. ओल्या लाकडाने आग रुसते, असे त्यांचे म्हणणे.

हा रिवाज कुणी मनापासून पाळला असेल तर तो धनगरवाडीतल्या ठकूबाई झोरे या माउलीने. तिचा नवरा येसबा एका धुक्याच्या दिवशी चुकलेली मेंढी शोधायला पठारावर गेला होता. मेंढी परत आली. येसबाची तिवसाच्या लाकडाची, टोकाला लोखंडी टोपी बसवलेली काठी कड्याच्या काठावर सापडली. येसबा सापडला नाही. महाराज खिंडीत आले ते त्यानंतरच्याच पावसाळ्यात. ठकूबाई रोज चुलीवरच्या माचावर काटक्या वाळवी, त्या पदराखाली झाकून खिंडीत आणी आणि धुनीला वाहून दोन घटका बसे. हातात नवऱ्याची काठी असे. त्या काठीला ती तेल लावी, पावसात निघताना आधी तिला घोंगडीत घेई आणि मग स्वतःचे डोके झाकी. वाडीतल्या बायका हसायच्या. हसोत बिचाऱ्या! ज्याचे गेले त्यालाच कळते.

ज्या वर्षाची ही हकिकत, त्या वर्षी पावसाने मुक्काम हलवलाच नाही. दसऱ्याला त्याला निरोप द्यावा, तर दिवाळीत पणत्या विझवायला हा हजर! मार्गशीर्षात झिमझिम, पौषात धुके, माघात पुन्हा सरी. थंडी पडली तीही ओली. घोंगड्यांना कुबट वास सुटला, भिंतींवर बुरशी चढली, मेंढरांचे खूर कुजू लागले. फाल्गुन लागला तेव्हा काटेसावरी नेमाने फुलल्या, पण ऋतूला काही सुचेना. सकाळी लख्ख ऊन, भाकरी भाजून होईतो गारा, गारा वेचून होईतो धुके. कोकीळ ओरडायला लागे आणि मध्येच गप्प होई, जणू कुणी त्याच्या तोंडावर हात ठेवला. वाडीतली कुत्री कड्याकडे तोंड करून बसत. भुंकत मात्र नसत, आणि हेच ठकूबाईला बरे वाटत नव्हते.

अशाच एका सकाळी स्वच्छ ऊन पडले. ठकूबाई धुनीपाशी बसली होती, तोच तिचा दीर धुळाप्पा सगळ्या घराचा कळप घेऊन खिंडीत आला. पुढे गळ्यात घुंगरमाळ बांधलेला थोरला एडका, मागे हाडे वर आलेल्या मेंढ्या, त्यांच्या पोटाखाली धडपडणारी कोकरे. झोऱ्यांच्या घराचे जे काही होते ते हेच. हा कळप गेला तर चुलीत घालायला काटकीही उरली नसती.

महाराज म्हणाले, "धुळाप्पा, आज पठारावर जाऊ नकोस बाळा. आजचे ऊन आपले नाही."

धुळाप्पा थांबला. माणूस कष्टाळू होता, पण जिभेला हाड नव्हते. "मग कुणाचं हाय? तुमचं? महाराज, मेंढ्यांच्या सडाला दूध न्हाई. कोकरं माझ्या हातात माना टाकाय लागल्यात. पठारावर ताजं गवत आलंय. तुम्हाला काय, बसल्या जागी राख फासायची!"

"भावजी, असं बोलू नगा," ठकूबाई म्हणाली. "निदान काटकी तरी वाहा."

"काटकी व्हय?" धुळाप्पाने पायाखालचे चिखलाने माखलेले गवताचे धाट उपटले आणि धुनीत फेकले. निखारे चर्रकन ओरडले. "घ्या. ही माझी काटकी! वयनी, तू रोज इथं लाकडं जाळतीस. माझा दादा गेला, तवा कुठं हुती ही धुनी?"

ठकूबाईच्या काळजात कळ आली. धुळाप्पाला आईविना तिनेच वाढवले होते, आणि भावाच्या दुःखाने त्याचे तोंड कडू झाले आहे हे तिला ठाऊक होते. महाराज मात्र रागावले नाहीत. त्यांनी ते ओले धाट चिमट्याने हळूच बाजूला काढले.

"तेव्हा नव्हती," महाराज म्हणाले. "म्हणून आता आहे."

धुळाप्पाने मान झटकली आणि एडक्याला हाक दिली. कळप खिंडीबाहेर पडला, घुंगरांचा आवाज दूर गेला. ठकूबाई बघत राहिली. मग तिची नजर जमिनीवर गेली. ऊन लख्ख होते, पण महाराजांची सावली कुठे पडली नव्हती. धुनीच्या दगडांना सावली नव्हती. तिने स्वतःच्या पायांपाशी पाहिले. तिथेही नव्हती.

"महाराज..."

"बस, ठकूबाई. आगीकडे लक्ष ठेव."

थोड्याच वेळात धुके आले. ते आभाळातून उतरले नाही. कड्याखालून वर आले, पठाराच्या काठावर टेकले आणि मग गवतावरून पुढे सरकू लागले. पाठोपाठ वारा उठला, गारा पडल्या. छपराची पेंढी उडाली आणि धुनीवर गारांचा मारा झाला. ठकूबाईने घोंगडी पसरून आडोसा धरला, तरी ज्वाळा गेलीच. राखेत लालसर निखारे तेवढे उरले. गारा थांबल्या तेव्हा खिंडीच्या तोंडापुढे काहीच उरले नव्हते. पठार नाही, गवत नाही, नुसते पांढरे.

त्या पांढऱ्यातून घुंगरे वाजली.

धनगरांची एक रीत आहे. धुके पडले की डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, एडक्याला मोकळा सोडायचा आणि त्याच्या घुंगरांमागे जायचे. जनावर आपोआप घराकडे वळते. रीत चांगली आहे, पण ती मोकळ्या माळावरची. इथे कडा आहे, आणि कडा आवाज परत फेकतो. घुंगरे डावीकडे वाजली, मग उजवीकडे, मग जिथे जमीनच नाही तिथून वाजली, खालून. मग धुळाप्पाची हाक आली, "हुर्र, येऽऽ!" कड्याने ती परत दिली. पुन्हा हाक, पुन्हा पडसाद. तिसऱ्या खेपेला ठकूबाईने नीट कान दिला. या वेळी पडसाद आधी आला होता आणि हाक मागून.

"महाराज, त्यो कड्याकडं चाललाय!"

महाराजांनी डोळे उघडले. "धूर गेला पाहिजे त्याच्यापर्यंत. कोरडे काय आहे?"

काय असणार! तिच्या काटक्या भिजून लगदा झाल्या होत्या. गवत भिजले होते, छप्पर भिजले होते. महाराजांनी पायातल्या खडावा काढल्या आणि निखाऱ्यांवर ठेवल्या. त्या जळल्या, पण तो धूर खिंडीच्या तोंडाशीच विरला. महाराजांनी बसायचा पाट दिला. तोही जळला. मग त्यांच्याजवळ अंगावरच्या ओल्या छाटीशिवाय काही उरले नाही.

ठकूबाईने घोंगडीच्या आत हात नेला. तिथे काठी होती. उबदार, तेलकट, ठणठणीत कोरडी.

"ही न्हाई, महाराज," ती कळवळून म्हणाली. "त्यांची येवढीच खूण हाय माझ्यापाशी."

"मी मागितली नाही, आई," महाराज म्हणाले. त्यांनी तिला आई म्हटले, आणि ते तिच्याकडे न पाहता निखारे फुंकत राहिले.

दूर घुंगरे वाजली, आता अगदी खालून. ठकूबाईने काठी गालाला लावली. ज्या जागी येसबाची मूठ असे, तिथे लाकूड गुळगुळीत झाले होते. "तुमचाच भाऊ हाय," ती काठीला म्हणाली. "आना त्याला." आणि तिने काठी धुनीवर आडवी ठेवली.

तेल मुरलेले लाकूड भपकन पेटले. सरळ उंच ज्वाळा उठली, धूर दाट होऊन खिंडीबाहेर निघाला, आणि त्याला वास आला तो नुसत्या लाकडाचा नव्हता. तेल, लोकर, तंबाखू. येसबाच्या घोंगडीचा वास! ठकूबाई उभी राहिली.

टक्.

दगडावर काठी वाजली, अगदी तिच्या शेजारी. काठी तर समोर जळत होती. टक्, टक्. आवाज तिच्यापासून निघाला, धुनीला वळसा घालून गेला, खिंडीच्या तोंडाशी जरा थांबला. डावा पाय किंचित ओढत चालणाऱ्याची काठी वाजते, तशीच ती वाजत होती. ती चाल जगात एकाच माणसाची होती. ठकूबाईचे ओठ उघडले. लग्नातल्या उखाण्यानंतर तिने नवऱ्याचे नाव कधी तोंडातून काढले नव्हते. ते आता जिभेवर आले.

"हाक मारू नकोस," महाराज हलकेच म्हणाले. "तुझ्या हाकेला तो वळेल. मग धुळाप्पा तिकडेच राहील."

देवा, कसली ही परीक्षा! इतकी वर्षे जी चाल ऐकायला तिने कान लावून ठेवले होते, ती चार हातांवर होती. एक शब्द पुरला असता. ठकूबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला, दोन्ही हातांनी दाबून धरला आणि डोळे मिटले. टक्, टक्. आवाज धुक्यात शिरला, दूर गेला, ऐकू येईनासा झाला. मग घुंगरेही थांबली.

किती वेळ गेला, तिला सांगता आले नसते. आधी ओल्या लोकरीचा वास आला. मग खुरांची सळसळ. थोरला एडका धुक्यातून बाहेर आला, त्याच्यामागे मेंढ्या, एकामागे एक, शिस्तीने. एकही ओरडत नव्हती. कोकरे आयांना खेटून चालत होती. सगळ्या धुनीला वळसा घालून कपारीत गेल्या आणि खाली बसल्या. सर्वांत मागून धुळाप्पा आला. त्याच्या घोंगडीत एक कोकरू होते आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

तो इकडेतिकडे पाहू लागला. "वयनी, दादा कुठं गेला?"

ठकूबाईने तोंडातला पदराचा बोळा काढला.

"आत्ता म्होरं हुता माझ्या," धुळाप्पा म्हणाला. "मी घुंगराच्या मागं चाललो हुतो. पाय उचलला, तर छातीला काठी आडवी आली. म्होरं बघतो तर खाली समदं मोकळं. दगड गेला, त्याचा आवाजबी आला न्हाई. मग काठी वाजाय लागली. एडका तिच्या मागं वळला, मीबी वळलो. पाठमोरा हुता, डोक्यावरनं घोंगडीची खोळ घेतलेली. मी लई हाका मारल्या, वयनी. त्यानं वळून बघितलं न्हाई."

मग त्याचे लक्ष धुनीकडे गेले. काठी जळून गेली होती, पण राखेवर तिची रेघ अजून लाल होती. त्याने ती ओळखली. टोकाची लोखंडी टोपी निखाऱ्यांतून घरंगळून बाजूला पडली होती. धुळाप्पाने ती उचलली. आगीतून निघालेले ते लोखंड गारठलेले होते. टोपीच्या तोंडाशी ओली तांबडी माती भरली होती, आणि मातीत पठारावरच्या ताज्या गवताची दोन पाती. खिंडीतली माती काळी आहे. तांबडी माती फक्त कड्याच्या काठावर आहे.

"महाराज, मी तुम्हाला वल्लं धाट दिलं," म्हणत धुळाप्पाने महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नको बाळा. मी नुसता फुंकर घालत होतो. ज्याने काटकी दिली, त्याच्या पाया पड."

धुळाप्पा गुडघ्यांवरच वळला. त्याने वहिनीच्या चिखलाने भरलेल्या पायांवर कपाळ टेकले आणि लहान मुलासारखा रडू लागला. ठकूबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काटकी माझी नव्हती, भावजी," ती म्हणाली. आता तिला कुणी अडवणारे नव्हते. तिने धुक्याकडे तोंड केले आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, "येसबांची हुती."

कड्याच्या बाजूला दगडावर काठी एकदाच वाजली. धुळाप्पाने ती ऐकली, आणि वहिनीच्या पायांवर टेकलेले डोके वर उचलले नाही.