तांब्याचा बिल्ला आणि काळी पुडी

सांगा बघू, विश्वास कोणावर टाकावा? ज्याच्यावर कधी संशयच आला नाही त्याच्यावर, की संशय आल्यावर जो नीट तपासला गेला त्याच्यावर? माझं उत्तर शेवटी. आधी गोष्ट ऐका.

फार पूर्वी एका डोंगरी किल्ल्यावर रायाजी नावाचा राखणदार होता. तोफांच्या दारूचं कोठार त्याच्या ताब्यात. गळ्यात तांब्याचा बिल्ला असेल त्यालाच आत प्रवेश, तोही अनवाणी. एक ठिणगी उडाली तर अर्धा किल्ला आभाळात! वीस वर्षं रायाजीने तो बिल्ला आंघोळीलाही काढला नव्हता.

एक दिवस किल्लेदाराला खबर लागली, की रायाजीने पायथ्याच्या बाजारात एका परक्या माणसाला काळी पुडी दिली. शत्रूची फौज चार मुक्कामांवर आलेली. किल्लेदाराने तिथल्या तिथे बिल्ला उतरवून घेतला.

"फितूर आहे तो! कडेलोट करा," हवालदार म्हणाला. "चौकशी कसली करताय?"

किल्लेदार तापट खरा, पण त्या किल्ल्याची एक रीत होती. उतरवलेला बिल्ला सदरेच्या खुंटीला टांगायचा, खाली कारण लिहून लावायचं आणि तीन दिवसांच्या आत त्या माणसाचं ऐकायचं. ज्याने बिल्ला उतरवला, त्याने मात्र निकाल द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सदर भरली. किल्लेदार गादीवरून उतरला आणि दप्तर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सबनिसांना म्हणाला, "काका, आज इथे तुम्ही बसा. मला राग आलाय, माझा निकाल वाकडा जाईल."

मग तो रायाजीकडे वळला. "खबर कोणी दिली ते सांगणार नाही, त्याच्या जिवाला धोका आहे. पण आरोप काय, तो पुरता ऐक."

"पुडी दिली, खरं आहे," रायाजी म्हणाला. "तो दारू बनवणारा कारागीर. पावसात कोठार गळलं होतं. दारू सादळली की काय, ते विचारायला चिमूटभर नेली."

"मग मला का नाही सांगितलंस?" किल्लेदाराने विचारलं.

"लाज वाटली, सरकार. वीस वर्षांचा राखणदार, आणि दारू भिजू दिली!"

हवालदार हसला. "चिमूटभर! तंबाखू होती म्हण की!"

"हसताय काय?" सबनीस म्हणाले. "तुमच्याही गळ्यात बिल्ला आहे, तुम्हीच जा, तीन पिंपांतली मूठ-मूठ आणा."

अंगणात दारू पेटवली. फुस्स! नुसता धूर. हवालदाराचं हसू तिथेच विझलं. कारागिराला बोलावलं, त्यानेही तेच सांगितलं.

सबनिसांनी निकाल दिला, "न विचारता दारू बाहेर नेली, ही चूक. महिनाभर एकट्याने कोठारात जायचं नाही. फितुरी मात्र नाही. बिल्ला परत."

किल्लेदाराने स्वतः खुंटीवरून बिल्ला काढला. "सगळ्यांसमोर उतरवला होता, सगळ्यांसमोरच घालतो," म्हणत रायाजीच्या गळ्यात घातला. मग दोन दिवस कातळावर दारू उन्हात वाळली. शत्रू आला तेव्हा पहिलीच तोफ अशी गरजली, की डोंगर हलला.

बिल्ला उतरवला यात किल्लेदाराचं काही चुकलं नाही. शत्रू दाराशी असताना मीही उतरवला असता. मला कौतुक आहे ते त्याच्या गादीवरून उतरण्याचं. हवालदाराचं ऐकलं असतं, तर रायाजी दरीत आणि ओली दारू तोफेत! म्हणून माझा विश्वास त्या खुंटीवरून परत आलेल्या बिल्ल्यावर.

तात्पर्य: संशय आला तर बिल्ला जरूर काढून घ्या, पण कारण सांगा, त्या माणसाचं ऐका आणि निकाल दुसऱ्याला देऊ द्या.

आणि मंडळी, एवढी विनंती. माणसांच्या हिशेबाची एक वही आपण सगळेच मनात ठेवतो. ती प्रामाणिकपणे लिहा. कोणाच्या नावे एखादा दोष टाकाल, तेव्हा त्याचं जमेचं पानही उघडून बघा.