सेर्फीनबायच्या वाटची बोलणी

किनाऱ्यावर धक्का नव्हता, दिवा नव्हता आणि आपल्या चर्चवर अजून झावळ्यांचं छप्पर होतं, तेव्हाची ही गोष्ट. इतकी जुनी, की सांगणाऱ्याने पदरचं थोडं घातलं तरी भांडायला कुणी उरलेलं नाही. त्या काळी आपल्या कोळीवाड्यात सेर्फीनबाय नावाची एक आई होती, आणि ती वैतागलेली होती.

वैतागेल नाही तर काय करील? नवरा लवकर देवाघरी गेला आणि मागे मुलगेच मुलगे ठेवून गेला. एकाला हुडकावं तर दुसरा माडावर, दुसऱ्याला उतरवावं तर तिसरा शेजाऱ्याच्या विहिरीत. बिचारी दिवसभर ओरडत असायची. असं म्हणतात, की तिने हाक मारली की माडावरचे कावळे उडून जात, आणि खाडीपलीकडच्या गावातल्या बायका चुलीवरचं भांडं उतरवत. सेर्फीनबाय पोरांना घरी बोलावते आहे म्हणजे दिवस मावळला, हे त्यांनाही ठाऊक झालं होतं.

सगळ्यांत वांड होता तो धाकटा, बस्त्याव. त्याच्या नावाने तिचा निम्मा आवाज खर्च व्हायचा. पण एक गोष्ट त्या घरात कधी चुकली नाही. संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाली, किंवा कुणी दर्यात निघालं, की मुलाने आईपुढे गुडघे टेकायचे आणि म्हणायचं, ‘आये, आशीर्वाद दे.’ आईने डोक्यावर हात ठेवून तो मोठ्याने बोलायचा. मनातल्या मनात दिलेला आशीर्वाद आपल्याकडे धरत नाहीत. सेर्फीनबाय तोही ओरडूनच द्यायची. “देव तुझं भलं करो, मेल्या, पाय धुतलेस का?”

आता आपल्या गावचे पुरुष कसे आहेत ते तुम्ही बघताच. तेव्हाही तसलेच होते. जिच्या हाकेवर अख्ख्या गावाचा दिवस चालत होता, तिचाच त्यांना त्रास होऊ लागला. दुपारची झोप मोडते म्हणे! गावात नवीन पाद्री आला होता, परमुलखातला, कोवळा, चांगल्या मनाचा. सगळे त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, बाईला आवरा. त्या भल्या माणसाने राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, तिच्या कपाळाला राख लावली आणि सांगितलं, “सेर्फीनबाय, कुणी उपवासकाळात मांस सोडतं, कुणी दारू सोडतं. तू जीभ सोड. ईस्टरपर्यंत फक्त प्रार्थनेला तोंड उघडायचं.”

आईच्या तोंडाला कुलूप घालणं म्हणजे तपश्चर्या, असं वाटणारी माणसं आपल्याच गावात निघायची! पण देवाला दिलेला शब्द तो शब्द. ती गप्प झाली.

पुरुष थोडे दिवस छान झोपले. मग हळूहळू सगळं बिघडत गेलं. पोरं अंधार पडला तरी किनाऱ्यावरच, वाळत घातलेले बोंबील मांजरांच्या पोटात, आणि खाडीपलीकडे रोज भात करपू लागला. सेर्फीनबाय सगळं बघायची, ओठ दाबायची, आणि तिचा चेहरा लाल होत जायचा. मुलं आशीर्वादाला आली की ती डोक्यावर नुसता हात ठेवायची. थोरल्यांनी ते चालवून घेतलं. बस्त्याव कसला चालवून घेतोय!

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार होता. त्याची होडी निघाली होती, बरोबरचे दोघे वल्ही धरून बसले होते. त्याने वाळूत गुडघे टेकले.

“आये, आशीर्वाद दे.”

तिने हात ठेवला.

“तोंडानं दे.”

तिने चर्चकडे बोट दाखवलं. तो उठला, गुडघ्यांची वाळू झटकली. “शेजारणीचं कोंबडं ओरडतं माझ्यावर, पण माझ्या आयेकडं माझ्यासाठी एक शब्द नाय,” असं म्हणाला आणि होडीत चढला.

ती गुडघाभर पाण्यात धावली. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिला पाद्रीचा राग आला, स्वतःचा राग आला, आणि बस्त्यावचा तर आलाच आला. पोर आशीर्वादावाचून दर्यात गेलं होतं.

गुरुवारी पाय धुण्याच्या विधीला होडी परतायला हवी होती. परतली नाही. त्या संध्याकाळी रीतीप्रमाणे चर्चची घंटा बंद झाली, ती आता ईस्टरलाच वाजायची. आणि शुक्रवारी सकाळी असं धुकं उतरलं, की चालणाऱ्याला स्वतःचे पाय दिसेनात. दुपार झाली तरी हलेना. बायका पाद्रीकडे धावल्या. घंटा वाजवा, आवाजावर होड्या येतील. पाद्री रडकुंडीला आला. “आज प्रभूच्या मरणाचा दिवस. आज घंटा कशी वाजवू?” घंटेऐवजी वाजवतात तो लाकडी खटखटा घेऊन तो बाहेर आला आणि वाजवत सुटला. त्याचा आवाज पहिल्या माडापर्यंतसुद्धा गेला नाही.

सेर्फीनबाय चर्चमध्ये शिरली. त्या दिवसांत सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या असतात. मरियामातेपुढे जाऊन ती उभी राहिली. प्रार्थनेला परवानगी होतीच, म्हणून तिने प्रार्थना केली. ती अशी होती:

“तुला एकच होता. आणि तोही शहाणा. तरी हरवलाच ना? जेरुसलेमला सणाला नेलात आणि मागं विसरून आलात. मग मिळाला तेव्हा काय केलंस? गालगुच्चा घेतलास? ‘बाळा, असं का वागलास, किती शोधलं आम्ही तुला,’ असं भर मंदिरात, मोठमोठ्या शास्त्र्यांसमोर त्याला बोललीस. देवाचा पोरगा होता तरी बोललीस. खोटं सांगू नको. बोललीस की नाय?”

असं म्हणतात, की कापडामागून एक सुस्कारा ऐकू आला, दिवसभर राबलेल्या बाईचा असतो तसा. आणि मग आवाज आला, “बोलले गो, बोलले. आणि तू इथं काय करत बसलीयस?”

सेर्फीनबाय धावत सुटली. किनाऱ्यावर येऊन तिने लुगडं खोचलं, आणि सगळ्या उपवासकाळाचं साठलेलं एकदम बाहेर आलं.

“बस्त्याव! मेल्या! कुठं उलथलायस? आशीर्वाद न घेता दर्यात जायला तू कोण लागून गेलास? तुझ्या आधी तुझ्या बापालाबी मी असंच हाका मारून आणायची! पेज गार झाली! शुक्रवारचा दिवस, मला रडायला लावतोस? ये इकडं, तुझा कान कुठाय तो बघते!”

असं म्हणतात, की तो आवाज धुक्यात शिरला आणि धुकं मधोमध फाटत गेलं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती आणि मधून पाण्याची स्वच्छ वाट. त्या वाटेने पहिली होडी आली ती भलत्याच गावची. सेर्फीनबायने त्यांनाही सोडलं नाही. ती दाढीमिशांची माणसं माना खाली घालून बोलणी ऐकत उभी राहिली. मग आणखी एक आली. आणि तिच्या मागे बस्त्यावची.

तो पाण्यातून धावत आला आणि ओल्या वाळूत कोसळला. “आये, आशीर्वाद दे.”

तिने आधी कान धरला. मग डोक्यावर हात ठेवला. ज्या बाईचा आवाज खाडी ओलांडायचा, तिचा तो आशीर्वाद शेजारी उभ्या असलेल्यांनाही जेमतेम ऐकू आला. पण तोंडाने दिला, आणि बस्त्यावने ऐकला.

पाद्री खटखटा हातात घेऊन तिथेच उभा होता. ती म्हणाली, “पाद्रीबाबा, शब्द मोडला. काय शिक्षा द्यायची ती द्या. पण आधी पायात कायतरी घाला, वाळूत शिंपले हायत.”

पाद्रीने आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. त्याची आई समुद्रापार कुठल्याशा मुलखात होती आणि तिला तो पुन्हा भेटणार नव्हता. त्याने बस्त्यावशेजारी गुडघे टेकले आणि डोकं पुढे केलं.

तेव्हापासून आपल्या गावात शुभ शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाली की पुरुष होड्या घेऊन थोडे आत जातात आणि बायका किनाऱ्यावर उभ्या राहतात. घंटा बंद असते. मग एकेक आई आपल्या मुलाचं नाव घेऊन वर्षभराचं सगळं ऐकवते, आणि नाव ऐकल्याशिवाय कुणी वल्हं मारत नाही. ज्यांची आई गेली, त्यांच्यासाठी कुणीही ओरडायचं. त्याला ‘सेर्फीनबायच्या वाटची बोलणी’ म्हणतात.

परवाच्या वर्षी शेवटी एकच होडी उरली होती. आत म्हातारा जोकीम, दात पडलेला, आईला जाऊन अर्धं आयुष्य लोटलेलं. ओरडून ओरडून बायकांचे घसे बसले होते, आणि तो बिचारा वल्हं मांडीवर घेऊन बसून होता. तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली एक पोर, जिला त्याचं नावही शेजारणीला विचारावं लागलं, पुढे झाली, पदर खोचला आणि ओरडली, “जोकीम! मेल्या, ऊन उतरलं, घरी यायचं कळत नाय तुला?”

म्हाताऱ्याने वल्हं पाण्यात घातलं. “आलो गो आये,” तो म्हणाला, “आलो.”